चंदीतून आलेला दोष आणि स्वाराच्या माथ्यावरची जबाबदारी

वाचकाचे पत्र:

मी शहादा तालुक्यातील शेतकरी असून आमच्याकडे तीन घोड्या आहेत. माझी पुतणी एन्ड्युरन्स प्रकारात भाग घेते आणि येत्या हंगामात महासंघाच्या नियमांखाली होणाऱ्या लांब पल्ल्याच्या स्पर्धेत उतरणार आहे. मागील स्पर्धेत आमच्या शेजारच्या ठाणातील, म्हणजे तबेल्यातील, एका मुलाच्या घोड्याच्या लघवीत कॅफिन सापडले. आम्ही काहीही दिलेले नाही, ते खाद्यातूनच आले असले पाहिजे, असे तो मुलगा व त्याचे वडील शपथेवर सांगतात. आम्ही घोडीला दादर ज्वारी, भिजवलेला हरभरा, लसूणघास, कडब्याची कुट्टी आणि जवळच्या कारखान्यातील गोळीखाद्य देतो. कारखानदार म्हणतात, आमचा माल शुद्ध आहे. घोड्यांची निगा राखणारे आमचे जुने मोतद्दार अधूनमधून स्वतःच्या हाताने केलेला मसाला चारतात. खाद्यातून असे द्रव्य खरोखर येते का? आलेच तर दोष कोणाचा धरतात? आणि गोळीखाद्याच्या शिल्लक गोण्यांचे काय करावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

खाद्यातून निषिद्ध द्रव्य घोड्याच्या अंगात जाऊ शकते का, या आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'होय' असेच आहे. शेजारच्या ठाणातील मुलगा जे शपथेवर सांगतो ते खरे असू शकते. इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांची एस्टिमेट नावाची घोडी २०१३ साली अॅस्कट गोल्ड कप जिंकली होती आणि २०१४ साली त्याच शर्यतीत दुसरी आली होती; त्या दुसऱ्या खेपेस तिच्या नमुन्यात मॉर्फिन सापडले, ते खाद्यात मिसळलेल्या खसखशीच्या अंशातून आल्याचे पुढे आले आणि तरीही तिचे दुसरे स्थान काढून घेण्यात आले. घोडी कोणाची आहे, हे पाहून नियम वाकला नाही. दुसरे उदाहरण ऑक्टोबर २०२० मधील आहे. फ्रान्समधील काही घोड्यांच्या नमुन्यांत झिल्पेटेरॉल सापडले. काही देशांत मांसासाठी पाळलेल्या गुरांचे वजन वाढवण्यासाठी हे द्रव्य खाद्यातून देतात. चौकशीत धागा आयर्लंडमधील एका नामांकित खाद्यापर्यंत आणि तेथून त्यात वापरलेल्या उसाच्या मळीपर्यंत पोहोचला, आणि एडन ओब्रायन यांच्यासारख्या प्रशिक्षकाला पॅरिसच्या सर्वांत मोठ्या शर्यतीतून आपले चार घोडे ऐन वेळी मागे घ्यावे लागले. खाद्य बनवणाऱ्यांनी झिल्पेटेरॉल घातलेले नव्हते. ते मळीबरोबर आले होते.

ही दोन्ही उदाहरणे शर्यतींची आहेत. आपल्या पुतणीचा खेळ ज्या नियमांच्या चौकटीत येतो ती लोझान येथील आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाची, म्हणजे एफईआयची आहे. त्या चौकटीतील मुख्य तत्त्व आपण नीट समजून घ्यावे, कारण आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. घोड्याच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य सापडले की नियमभंग सिद्ध होतो. ते कोणी, का आणि किती दिले, हे महासंघाला सिद्ध करावे लागत नाही. जबाबदार व्यक्ती म्हणून सर्वप्रथम स्वाराचेच नाव लागते, मग चंदी, म्हणजे घोड्याचा दाणा, काकांनी भरलेली असो की मोतद्दाराने. मालक, मोतद्दार किंवा पशुवैद्य यांनाही जबाबदार धरता येते, पण त्यामुळे स्वार सुटत नाही. त्या स्पर्धेतील निकाल रद्द होतो. द्रव्य कायम बंदीच्या यादीतील असेल तर साधारण शिक्षा दोन वर्षांची आणि केवळ स्पर्धेच्या काळात चालत नाही अशा नियंत्रित औषधांच्या यादीतील असेल तर सहा महिन्यांची असते. ही यादी दरवर्षी १ जानेवारीपासून नव्याने लागू होते आणि त्यात द्रव्यांची वर्गवारी बदलत असते, त्यामुळे गेल्या वर्षी कोणाला तरी काय सांगितले गेले त्यावर विसंबून राहू नये.

हा नियम कठोर आहे, हे मला मान्य आहे. अन्यायकारक आहे, हे मात्र मला पटत नाही. आपल्याला काय चारले गेले हे घोडा सांगू शकत नाही, आणि 'आम्हाला ठाऊक नव्हते' एवढ्यावर सुटका होऊ लागली तर पुढच्या हंगामापासून कोणालाच काही ठाऊक नसेल. शिवाय नियम करणाऱ्यांनाही खाद्यातील दोषाची जाणीव आहे. लसूणघासासारख्या वैरणीतून सॅलिसिलिक आम्ल घोड्याच्या अंगात जाणे अटळ असल्याने त्याला लघवीतील प्रमाणाची एक मर्यादा ठरवून दिलेली आहे. तिच्या आतील प्रमाण दोष मानले जात नाही. कोकोतून येणाऱ्या थिओब्रोमीनला ही मर्यादा लघवीच्या दर मिलिलिटरमागे २ मायक्रोग्रॅम आहे. सर्वच द्रव्यांना अशी मर्यादा नाही. ज्यांचा अनवधानाने शिरकाव होण्याचा संभव अधिक आहे अशा काही द्रव्यांना 'विनिर्दिष्ट' असे वेगळे स्थान दिलेले आहे, आणि त्यांच्या बाबतीत शिक्षा ठरवताना परिस्थितीचा विचार करायला अधिक मोकळीक असते. मात्र ही मोकळीक हवी असेल तर द्रव्य घोड्याच्या अंगात कोणत्या वाटेने गेले हे स्वाराने दाखवून द्यावे लागते. 'खाद्यातून आले असावे' हे वाक्य त्या ठिकाणी काही कामाचे नाही. कोणत्या खाद्यातून, कोणत्या गोणीतून, हे नमुन्यासह मांडावे लागते. शेजारच्या मुलाची अडचण बहुधा इथेच झाली असेल.

म्हणून आता आपल्या घोडीच्या तोबऱ्यात काय काय पडते ते एकेक करून पाहू.

गोळीखाद्याची मला सर्वांत अधिक काळजी वाटते, आणि तिचे पहिले कारण स्पर्धेशी संबंधित नाही. आपल्या भागातील बहुतेक कारखाने मुख्यतः दुभत्या गुरांचे आणि कोंबड्यांचे खाद्य बनवतात. कोंबडीच्या खाद्यात रक्ती हगवण रोखण्यासाठी आणि काही ठिकाणी गुरांच्या खाद्यातही मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन ही द्रव्ये घालतात. गुरांना आणि कोंबड्यांना ती सोसतात, घोड्याला सोसत नाहीत. घोड्याच्या वजनाच्या दर किलोमागे दोन ते तीन मिलिग्रॅम मोनेन्सिन जीवघेणे ठरू शकते. म्हणजे साडेतीनशे किलोच्या घोडीला जेमतेम एक ग्रॅम पुरे. घाम फुटणे, मागचे पाय लटपटणे, खाणे सोडणे आणि मग हृदयाचा स्नायू निकामी होणे असा त्याचा क्रम असतो, आणि त्यावर उतारा नाही. ज्या मिक्सरमध्ये सकाळी कोंबडीखाद्य झाले त्याच मिक्सरमधून दुपारी आपली गोणी भरली गेली, तर पहिल्या काही गोण्यांत आधीच्या मालाचा अंश येणे साहजिक आहे. तेव्हा पुतणीच्या स्पर्धेचा विचार बाजूला ठेवला तरी, घोड्यासाठी म्हणून बनवलेले नाही असे कोणतेही गोळीखाद्य घोडीला घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण स्पर्धेचे. पशुखाद्यात प्रथिने आणि ऊर्जा स्वस्तात बसवण्यासाठी कारखानदार जे मिळेल ते घेतात. त्यात काही वावगे नाही, गुरांना ते पचते. बेकरी आणि बिस्किट कारखान्यांतील चुरा हा त्यातलाच एक पदार्थ. त्या चुऱ्यात चॉकलेटची बिस्किटे असली की थिओब्रोमीन आणि त्याबरोबर थोडे कॅफिन आलेच. मळी कोणत्या टाकीतून आली, टाकीत आधी काय होते, हे आपल्याला ठाऊक नसते आणि बहुधा कारखानदारांनाही नसते. माल शुद्ध असल्याचे ते सांगतात तेव्हा ते खोटे बोलत नाहीत. गुरांच्या खाद्यासाठी भारतीय मानक संस्थेचे आय. एस. २०५२ हे मानक आहे. त्यात प्रथिने, तंतू, ओलावा, बुरशीचे विष यांचा विचार केलेला आहे. त्या कसोट्यांवर त्यांचा माल उतरत असेलही. अश्वक्रीडेत निषिद्ध असलेल्या द्रव्यांसाठी तो माल कोणी तपासलेला नसतो, आणि तपासावा अशी त्यांच्याकडून अपेक्षाही कोणी केलेली नसते. ब्रिटनमध्ये घोड्यांच्या खाद्यासाठी नैसर्गिक निषिद्ध द्रव्यांपासून जपणुकीची स्वतंत्र योजना अश्वव्यवसायाच्या संघटनेने राबवलेली आहे, आणि तिच्या यादीत कॅफिन, थिओब्रोमीन, थिओफिलिन, मॉर्फिन, धोतऱ्यातील अॅट्रोपिन आणि हायोसीन, मोड आलेल्या सातूतील हॉर्डेनिन अशी द्रव्ये आहेत. अशा योजनेचे चिन्ह गोणीवर असले तरी ती संपूर्ण हमी नव्हे, मात्र काय टाळायचे हे कारखान्याला माहीत आहे एवढे त्यावरून कळते.

हायड्रोपोनिक चाऱ्याची हौस हल्ली खानदेशातही पसरली आहे, म्हणून ओघाने सांगतो. मक्याच्या ट्रेमध्ये सातू मिसळून तो हिरवा गालिचा स्पर्धेच्या घोडीला चारू नये; हॉर्डेनिन सातूला मोड येतानाच तयार होते.

दादर ज्वारी आणि हरभरा आपल्या शेतातला असेल तर तो मला कोणत्याही छापील गोणीपेक्षा विश्वासार्ह वाटतो. प्रश्न धान्याचा नसून ते कुठे भरडता, कशातून आणता आणि कशात ठेवता याचा आहे. आपला भाग नंदुरबारच्या मिरचीचा आहे. हंगामात वाळवणाच्या पथाऱ्यांवरून ओली-सुकी मिरची वाहणारा टेम्पो परतीच्या फेरीत कडबा किंवा धान्य भरून येतो, गावातील ज्या चक्कीवर हरभरा भरडून घेतात तिच्याच शेजारी मिरची कांडप चालते, आणि मिरचीचे रिकामे पोते चांगले जाड असते म्हणून दाण्यासाठी वापरले जाते. मिरचीतील कॅप्सायसिन हे निषिद्ध द्रव्य आहे. ते वेदना बधिरही करते आणि त्वचा हुळहुळी करण्यासाठी त्याचा गैरवापरही होतो. २००८ सालच्या ऑलिम्पिकमध्ये घोडेस्वारीच्या स्पर्धा हाँगकाँगला झाल्या तेव्हा ब्राझील, जर्मनी, आयर्लंड आणि नॉर्वे या चार देशांच्या घोड्यांत कॅप्सायसिन सापडले आणि नॉर्वेच्या संघाला कांस्यपदक परत करावे लागले. तो प्रकार मुख्यतः मलमांचा होता, चंदीचा नव्हे. परंतु प्रयोगशाळेच्या यंत्राला मलम आणि पोते यांतला फरक कळत नाही. म्हणून स्पर्धेच्या घोडीचा हरभरा घरच्या जात्यावर किंवा स्वतंत्र भरड्यावर भरडावा, आणि दाण्यासाठी झाकणाची पत्र्याची कोठी ठेवावी, पोते नको.

लसूणघास आणि कुट्टी यांच्याबद्दल मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागेल. बांधावरचा आणि घासाच्या वाफ्यातला धोतरा कापणीत घासाबरोबर येतो. उभे असताना त्याचे पांढरे किंवा जांभळट कर्ण्यासारखे फूल आणि काटेरी बोंड कोणालाही ओळखू येते. कुट्टी यंत्रातून गेल्यावर ते पानही दिसत नाही आणि बोंडही. घोडा ताजा धोतरा सहसा तोंडात घेत नाही, पण वाळलेला आणि कापलेला, गूळपाणी शिंपडलेल्या कुट्टीतला तो मुकाट खातो. त्यातील अॅट्रोपिन आणि हायोसीनने आतड्यांची हालचाल मंदावते, पोटशूळ उठू शकतो, बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडे पडते. आणि एवढे होण्याइतके प्रमाण नसले तरी नमुन्यात सापडण्याइतके असू शकते. यावर उपाय एकच आहे: घास कापण्यापूर्वी वाफा चालून पाहणे आणि कुट्टी यंत्रात घालण्यापूर्वी पेंडी सोडून पाहणे. हे काम मजुराला सांगून भागत नाही. घरातल्या कोणीतरी उभे राहावे. ज्वारीच्या कडब्यालाही हेच लागू आहे. धान्यात धोतऱ्याचे बी आले असेल तर ते चपटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे असते आणि सुपात पाखडताना नजरेस पडते. मोसंबी-लिंबाच्या बागा असलेले काही जण साली आणि छाटलेला पाला घोड्यापुढे टाकतात. त्यात सिनेफ्रिन असते, म्हणून तेही स्पर्धेच्या घोडीला नको.

आता मोतद्दारांच्या मसाल्याकडे येतो. आपल्या पत्रात त्याचा उल्लेख एका ओळीत आहे, पण माझ्या मते गोळीखाद्याच्या खालोखाल धोका तिथेच आहे. पिढ्यान्‌पिढ्या घोडी सांभाळणाऱ्या या माणसांना घोड्याचे जे कळते ते अनेकदा आम्हा पदवीधरांना कळत नाही, आणि त्यांच्या मसाल्यातला ओवा, मेथी, सुंठ, काळे मीठ यांविषयी मला फारशी शंका नाही. परंतु भूक लागावी म्हणून कुचला, अंगात तरतरी यावी म्हणून चहाची भुकटी, थंडीत ऊब राहावी म्हणून भांग, पोट बांधून यावे म्हणून खसखशीची बोंडे, घोडा शांत राहावा म्हणून सर्पगंधा, असे पदार्थ मसाल्यात पडू शकतात. कुचल्यातील स्ट्रिक्निन, चहातील कॅफिन, भांगेतील द्रव्ये, खसखशीच्या बोंडातील मॉर्फिन आणि सर्पगंधेतील रेसर्पिन ही सर्व निषिद्ध आहेत. औषधी वनस्पती आहे, म्हणून चालते, हा समज एफईआयने वेळोवेळी खोडून काढलेला आहे. बाजारात मिळणाऱ्या काही भूकवर्धक पुड्यांतही कुचला असतो. पुडीवरचे घटक भिंग लावून वाचावेत, आणि घटकच छापलेले नसतील तर पुडी परत करावी.

मोतद्दारांना विचारल्यावर 'चिमटाभर शे भाऊ, काय व्हस त्यानं?' असे उत्तर येण्याची शक्यता आहे. त्यांच्या परीने ते बरोबर आहे, चिमूटभराने घोडीला काही होत नाही. पण आजची यंत्रे मिलिलिटरमधला नॅनोग्रॅम मोजतात आणि त्या मोजमापात चिमूट फार मोठी असते. त्यांना रागावून काही साधणार नाही. रागावल्यास मसाला बंद होणार नाही, फक्त आपल्याला सांगणे बंद होईल. त्यांना समोर बसवून मसाल्यातील एकेक जिन्नस कागदावर मांडायला लावावा, पुतणीचे दोन वर्षांचे नुकसान कशाने होऊ शकते ते तिनेच त्यांना समजावून सांगावे, आणि निरुपद्रवी जिन्नसांचा मसाला घरच्या मुसळात, त्यांच्याच हाताने, आपल्या देखत करून घ्यावा. स्पर्धेच्या आधीच्या महिन्यात तोही नको.

कॅफिनविषयी आपल्या मनात भीती बसलेली दिसते, म्हणून त्याबद्दल थोडे वेगळे सांगतो. अहवालात कॅफिनबरोबर थिओब्रोमीन भरपूर असेल तर संशय कोकोवर, म्हणजे बिस्किटाच्या चुऱ्यावर किंवा कोकोच्या टरफलांवर जातो. कॅफिनच ठळक असेल तर चहा-कॉफीकडे पाहावे. मात्र घोड्याच्या शरीरातही कॅफिनचे थिओब्रोमीन आणि थिओफिलिन होत असल्याने हा पुरावा नव्हे, शोधाची दिशा आहे. स्पर्धेच्या तळावर चहाच्या पातेल्यातला उरलेला चहा घोड्याच्या बादलीत ओतला जातो, चोथा ठाणाच्या कोपऱ्यात पडतो, स्वाराच्या ऊर्जापेयाचा डबा गव्हाणीवर ठेवलेला असतो. ही दृश्ये कोणत्याही तळावर दिसतात. आपली बादली, आपला तोबरा आणि आपले पाणी यांवर घोडीचे नाव रंगवावे आणि ते दुसऱ्या कोणाला उसने देऊ नये, मग वाईटपणा आला तरी चालेल.

ठाणाचेही तसेच. आधीच्या घोड्याला दुखण्यावरचे औषध चालू असेल तर ते त्याच्या लघवीतून पेंढ्यात उतरते आणि तो पेंढा चघळणाऱ्या पुढच्या घोड्याच्या अंगात जाते. फ्लुनिक्सिन या वेदनाशामकाच्या बाबतीत हे अभ्यासांतून दिसून आलेले आहे. तेव्हा स्पर्धेच्या ठिकाणी जुना पेंढा पूर्ण काढून नवा टाकून घ्यावा. आणि रात्री राखणीला झोपलेल्या माणसाने ठाणाच्या कोपऱ्यात लघवी करू नये, हेही स्पष्ट शब्दांत सांगावे. माणसाने घेतलेल्या गोळ्यांमुळे घोडा दोषी ठरू शकतो, म्हणून महासंघानेच ही सूचना दिलेली आहे, मी ती विनोदाने लिहिलेली नाही.

एवढे सगळे पाळूनही दोष येऊ शकतो, एस्टिमेटला आला तसा. त्या दिवशी आपल्या हाती काय असेल, याची तयारी आजपासून करावी, आणि या पत्रातील माझे मुख्य सांगणे हेच आहे. नवी गोणी उघडली की वरून, मधून आणि तळातून मूठ-मूठ माल काढून एकत्र करावा आणि त्यातील सुमारे अर्धा किलो दोन स्वच्छ पिशव्यांत विभागून बंद करावा. प्रत्येक पिशवीवर तारीख, कारखाना, बॅच क्रमांक आणि बिल क्रमांक लिहावा, तोंडावर चिकटपट्टी लावून तिच्यावरून दोघांनी सह्या कराव्यात, आणि गोणीला शिवलेली छापील चिठ्ठी त्याच पिशवीला जोडावी. घास, कडबा आणि धान्य यांच्या प्रत्येक नव्या खेपेचेही असेच करावे. या पिशव्या कोरड्या, थंड जागी, उंदराला न पोहोचणाऱ्या डब्यात हंगाम संपून सर्व निकाल हाती येईपर्यंत ठेवाव्यात. शक्य असेल तेव्हा त्याच बॅचची एक गोणी न उघडता राखून ठेवावी. उघडलेल्या गोणीत तुम्हीच काही मिसळले, असा आक्षेप न उघडलेल्या गोणीवर घेता येत नाही. जोडीला एक साधी वही असावी: घोडीला कोणत्या दिवशी काय दिले, किती दिले, कोणी दिले, पशुवैद्यांनी कोणते औषध कधी दिले. औषधांची नोंदवही तर एफईआयच्या स्पर्धांत अपेक्षितच असते. वही रोज लिहावी. एका बैठकीत, एकाच शाईने लिहून काढलेली वही कोणालाही ओळखू येते.

समजा, तरीही सूचनापत्र आलेच. तर पहिले काम म्हणजे काहीही फेकायचे नाही. घाबरून मसाल्याचा डबा रिकामा करणे आणि गोण्या शेजाऱ्याच्या गोठ्यात पाठवणे ही सर्वांत मोठी चूक होते, कारण त्याबरोबर बचावही जातो. कारखानदारांशी भांडायला जाण्यापूर्वी शिल्लक गोण्या, पुड्या, मलमे यांचा दोन पंचांसमक्ष पंचनामा करून ते सील करावे. सूचनापत्रातील मुदती वाचाव्यात. पहिला नमुना दोषी आल्यावर त्याच वेळी घेतलेल्या दुसऱ्या, म्हणजे 'बी' नमुन्याची तपासणी मागण्याचा हक्क असतो आणि तो मुदतीतच वापरावा लागतो. आपल्याकडच्या बंद नमुन्यांपैकी कोणता, कोणत्या द्रव्यासाठी आणि कोणत्या प्रयोगशाळेत पाठवायचा, हे पशुवैद्य आणि क्रीडानियम जाणणारा वकील यांच्याशी बोलून ठरवावे. दोन पिशव्यांपैकी एक तपासणीला जाते, दुसरी हाती राहते. दोन पिशव्या ठेवायला सांगितल्या त्या याचसाठी.

शेजारच्या मुलाकडे जुन्या खाद्याचे काही शिल्लक असेल, कोठीच्या तळाशी का होईना, तर त्याला हे आजच कळवावे. त्याच तळावर त्याच दिवशी आणखी घोड्यांत तेच द्रव्य सापडले असेल, तर सामायिक कारणाचा मुद्दा उभा राहतो आणि त्याची बाजू बळकट होते, म्हणून त्याने इतरांकडेही चौकशी करावी.

घोडेबाजारासाठी प्रसिद्ध असलेल्या सारंगखेड्याच्या आपण इतक्या जवळ राहता, की तिथल्या यात्रेत चौथी घोडी पाहण्याचा मोह आपल्याला होईल असे धरून चालतो. बाजारात उभा असलेला घोडा शांत किंवा तेज दिसावा म्हणून त्याला काय दिलेले आहे, हे विकणारा सांगेलच असे नाही. तेथे घेतलेली घोडी त्याच हंगामात स्पर्धेला नेऊ नये. नेण्यापूर्वी रक्त-लघवीची तपासणी करून घ्यावी, आणि तोपर्यंत तिचे ठाण, बादली आणि पेंढा पुतणीच्या घोडीपासून वेगळे ठेवावे.

शेवटी शिल्लक गोण्यांविषयी. कारखानदारांना एक साधे पत्र द्यावे: या बॅचच्या यंत्रावर दुसरे कोणते खाद्य बनते, मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन वापरता का, बेकरीचा चुरा घालता का, मळी कुठून येते. लेखी उत्तर आले तर ते जपून ठेवावे. तोंडी आले तर आले नाही असे समजावे. उत्तर काहीही येवो, स्पर्धेच्या घोडीला ते खाद्य यापुढे नको, आणि मोनेन्सिनबद्दल स्वच्छ 'नाही' असे लेखी येईपर्यंत उरलेल्या दोन घोड्यांनाही नको. मोनेन्सिनचा धोका असल्याने हे खाद्य रोज थोडे थोडे कमी करत न बसता एकदम थांबवावे, घोड्यांना सात-आठ दिवस घास-कडब्यावर अधिक ठेवावे आणि ज्वारी-हरभऱ्याचे प्रमाण त्या काळात हळूहळू वाढवावे. दाणा एका दिवसात वाढवला तर पोटशूळ उठतो. गोण्या म्हशींना खुशाल घाला, त्यांच्यासाठी तो माल चांगलाच आहे. फक्त म्हशींचे टोपले घोडीच्या ठाणाकडे येऊ देऊ नका, आणि सध्याच्या बॅचमधील एक गोणी शिवलेली तशीच, बिलासह, वरच्या माळ्यावर ठेवा: घोडीने आजवर तेच खाल्लेले आहे, आणि येत्या स्पर्धेत नमुना घेतला गेला तर कदाचित त्याच गोणीचा आधार लागेल.